खिडकी उघडेना

भोसरीतल्या एका वर्कशॉपसाठी मी रिपोर्ट काढायचा छोटा प्रोग्रॅम करून दिला होता. पार्टच्या मापांची फाईल निवडायची, की तपासणीचा रिपोर्ट तयार. माझ्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालायचा. मालकांच्या ऑफिसात मात्र त्या दुपारी ‘फाईल निवडा’ दाबलं की सगळं ठप्प. फाईल निवडायची खिडकी काही केल्या उघडेना.

आणि तिकडे चाकणला, कंपनीच्या गेटवर, मालकांचा टेम्पो उभा. त्या कंपनीला जाणारा पहिलाच लॉट. रिपोर्टशिवाय माल आत घेत नाहीत, आणि आज गाडी परत फिरली तर पुढची ऑर्डर विसरा, असं तिथल्या साहेबांनी बजावलेलं. मालक भोसरी गावचेच, एरवी तोंडाचा पट्टा चालू. त्या दिवशी नुसते दारात उभे. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

मी चिडलो की जो समोर येईल त्याच्यावर घसरतो. आधी प्रोग्रॅम इथल्या कॉम्प्युटरवर टाकण्यासाठी पॅक करताना काहीतरी राहिलं म्हणून स्वतःवर घसरलो. पुन्हा पॅक केला, पुन्हा टाकला. तेच. मग अँटिव्हायरसच्या नावानं खडे फोडले, तो बंद केला. तेच! शेवटी त्या मुक्या प्रोग्रॅमवर क्लिकवर क्लिक मारत सुटलो. प्रत्येक क्लिकला ‘टिंग’ व्हायचं. अरे, टिंग म्हणजे खिडकी उघडलेली आहे, आधी तिचं बघा, असं कॉम्प्युटर सांगतोय की! मग ती आहे कुठे? माऊस उजवीकडे सरकवला, तर बाण स्क्रीनच्या कडेपार निघून गेला.

“भाऊ, याला दुसरा स्क्रीन जोडलाय का कुठं?”

“हाय की. मशिनींपाशी टीव्ही हाय. ऑडिट आलं की लावतो, गेलं की बंद. वायर तेवढी जोडलेलीच असती.”

दोघंही पळालो. तेल उडू नये म्हणून टीव्हीवर जुनी चादर टाकलेली. मालकांनी ती ओढली, रिमोट दाबला, आणि समोर ही भलीमोठी खिडकी, दुपारपासून फाईल मागत बसलेली. परवाच्या ऑडिटला फायली दाखवताना कुणीतरी ती टीव्हीवर ओढून नेली होती, तेव्हापासून ती तिथंच उघडत होती. मालक टीव्हीसमोरून “वर, अजून वर, आता डावीकडं” ओरडत राहिले, मी परत ऑफिसात जाऊन माऊस हलवत राहिलो. फाईल निवडली, रिपोर्ट निघाला, तसाच चाकणला पाठवला.

मग वाट बघणं. चहा आला, गार झाला. शेवटी ड्रायव्हरचा फोन आला, गाडी आत घेतली म्हणून. हुश्श! माझे खांदे केव्हापासून ताठले होते ते तेव्हा कळलं. दुपारपासून उभे असलेले मालक पहिल्यांदा खुर्चीत टेकले.

“एवढा म्हागाचा टीव्ही, ऑडिटवाल्यांना दाखवायला घेतलेला. आज पयल्यांदा आपल्या कामाला आला बघा.”

मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. टीव्ही आता झाकायचा नाही म्हणून चादर मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी घडी घालून घरी नेली.