कप्तानाचा तिसरा भाग आधी

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. ते डब्यातल्या जुन्या किल्ल्यांसारखे साठतात. कुलपे केव्हाच गेलेली असतात, पण किल्ल्या टाकवत नाहीत. या किश्शांतला माझा भाग आधीच स्पष्ट सांगते. सुगी आटोपली की आमच्या मार्गासनी गावाला नानाशेठचा तंबू सिनेमा येई. एका वर्षी त्यांनी अंतराळवीराच्या चार भागांच्या इंग्रजी चित्रपटमालिकेची रिळे आणली. संवाद कोणालाच कळणार नव्हते. तेव्हा गावच्या शाळेत शिकवणारी मी मुख्याध्यापकांच्या संमतीने पडद्याशेजारी खुर्ची टाकून बसले आणि भोंग्यावरून चारही भाग मराठीत सांगितले. बोलेन ते शुद्धच बोलेन, एवढी एकच अट मी घातली होती.

*

पहिल्या भागातला नायक, म्हणजे आमचा कप्तान, अतिशय उद्धट होता. मी सांगितले, "येथे कप्तान वरिष्ठांची आज्ञा धुडकावत आहे."

माझाच एक माजी विद्यार्थी मागून ओरडला, "बाई, छडी द्या त्याला!"

सारा तंबू हसला. मी म्हटले, "अजून तीन भाग शिल्लक आहेत. छडीवाचून सुधारतो का, पाहू!"

*

रिळांच्या पेट्या पुण्याहून एसटीच्या टपावरून येत. दुसऱ्या आठवड्यात पेटी उघडली, तर आत तिसरा भाग! तंबू तर गच्च भरलेला.

नानाशेठ म्हणाले, "दोन काय नि तीन काय, बाई, कितीसा फरक पडतो?"

"एका इयत्तेचा," मी म्हटले. तरीही त्यांनी तोच लावला.

तिसऱ्या भागात कप्तानाचे केस पिकू लागले होते आणि तो एका पायाने लंगडत होता. पुढच्या आठवड्यात दुसरा भाग आला. केस काळेभोर, चाल तुरुतुरु!

पहिल्या रांगेतल्या एक आजी मला म्हणाल्या, "बाई, ह्यो कुठल्या वैद्याकडं गेला, तेवढं इचारा की. माजा गुडगा लई दुखतोय!"

*

कप्तानाचा सोबती भित्रा होता. पहिल्या भागात संकट येताच त्याने यानाचे दार आतून लावून घेतले आणि कप्तानाला बाहेर सोडले. बायकांनी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. तिसऱ्या भागात मात्र त्याने आपल्या नळकांड्यातली अर्धी हवा कप्तानाला दिली. मग दुसऱ्या भागात तो पुन्हा पळाला, तेव्हा माझ्यावर त्याची निंदा करण्याची वेळ आली.

"बाई, बोलू नका त्याला," बायकाच मला दटावू लागल्या. "लेकरू अजून कच्चं हाय. पुढं लई चांगलं निगतंय!"

वर्गातल्या प्रत्येक मुलाचा तिसरा भाग मला असा आधी पाहायला मिळाला असता, तर!

*

दगडूबुवा आमच्या शाळेमागचे शेतकरी. त्यांचा एकुलता एक मुलगा महादू शेती सोडून पुण्याच्या कारखान्यात गेला, तेव्हा "ह्या उंबऱ्यात परत पाय ठिवायचा न्हाई!" असे ते त्याला सगळ्या आळीदेखत म्हणाले होते. दोन दिवाळ्या झाल्या, महादू आला नव्हता. त्याची आई तानूबाई त्याचे नाव घरात काढत नसत, विहिरीवर काढत.

तिसऱ्या भागात कप्तानाचा म्हातारा बाप एकटाच रेडिओला कान लावून बसलेला आम्ही पाहिला होता. तो कशासाठी बसला आहे, हे दुसऱ्या भागात कळले. कप्तान पुन्हा आकाशात जायला निघाला, तसा त्या बापाने त्याला घराबाहेर काढले आणि दार लावले.

पुढे काय होणार, हे आमच्या तंबूला ठाऊक होते. सगळे त्या बापावर ओरडू लागले. "आरं म्हाताऱ्या, नगं लावू दार!" "पुढं रेडिओपाशी बसून रडशील!"

दगडूबुवा उठले आणि धोतर सावरत बाहेर निघून गेले.

*

चौथ्या भागाला दगडूबुवा येणार नाहीत, असे आम्ही धरून चाललो होतो. ते आले. तानूबाईंनाही घेऊन आले आणि खांबाशी बसले.

लंगडता, पिकल्या केसांचा कप्तान पृथ्वीवर उतरला. आता तो कोणालाही आज्ञा करत नव्हता. पायवाट चढून तो बापाच्या दारापाशी आला, त्याने कडी वाजवली आणि पडदा पांढरा झाला.

शेवटच्या रिळाची पेटी टपावरून उतरवायची राहिली होती. ती तशीच गाडीबरोबर पुढे वेल्ह्याला गेली होती!

नानाशेठनी हात जोडले. "मंडळी, उद्याच्या गाडीनं रीळ येतंय. उद्या फुकट दाखवतो."

"म्हंजी उद्यापतुर त्याला दारात उभा ठिवायचा?" आजी कडाडल्या.

गोंधळ माजला. कोणी म्हणे, बाप दार उघडतो. कोणी म्हणे, एवढा ताठ माणूस वाकायचा नाही. अखेर नानाशेठ माझ्याकडे वळले. "बाई, आजवर तुम्हीच सांगितलंत. शेवटही तुम्हीच सांगून टाका."

"जे मी पाहिलेले नाही, ते मी सांगत नाही," मी म्हटले. "तुम्ही सर्वांनी ठरवा. जे ठरेल, ते मी भोंग्यावरून सांगेन."

ठरले ते असे: बापाने दार उघडावे. नानाशेठनी मान्यता दिली, यंत्र चालवणाऱ्यानेही दिली. आजींनी दोन्ही हात वर केले. पाहता पाहता सगळ्या तंबूचे हात वर झाले. एकट्या दगडूबुवांचे हात मांडीवरच होते.

मी भोंगा तोंडाशी नेला, पण पुन्हा खाली ठेवला. सारे जण खांबाकडे पाहत होते.

दगडूबुवांनी घसा साफ केला आणि पांढऱ्या पडद्यावरची नजर न हलवता तानूबाईंना विचारले, "पुण्याची पयली गाडी कवा असती गं?"

"पहाटंची," तानूबाई तत्काळ म्हणाल्या. "म्या दोगा बापलेकांची भाकर बांदून देते."