घरचं थ्रेशर

घरी मळणीसाठी स्वतःचं थ्रेशर असूनही गेल्या हंगामात माझ्या सोयाबीनला गंजीतच कोंब फुटले.

थ्रेशर तसं एकट्याचं नव्हे, तिघांचं. मी, माझा साळा सुधाकर आणि शाळेपासूनचा दोस्त गजू. कल्पना सुधाकरची. "भाऊजी, अख्ख्या दारव्हा तालुक्यात हंगामाले थ्रेशर भेटत नाही. लोकं मशीनवाल्याच्या पाया पडते. आपण घेऊ, मंग आपल्या पाया पडतीन!"

कोणीतरी आपल्या पाया पडावं, ही माझी जुनी इच्छा. (घरात तसा योग नव्हता.) मी लगेच हो म्हटलं. बायको कुंदा एवढंच म्हणाली, "माह्या भावासंगं धंदा? सोचून घ्या बा." सख्खी बहीण सांगत होती, तरी मी ऐकलं नाही!

दसऱ्याला मशीनला हार घातला. मी म्हटलं, "मुहूर्त माझ्याच वावरात करू. गंजी रचून तयार आहे."

"करू ना! पण पहिला मान बाबाले द्या लागीन," सुधाकर म्हणाला. बाबा म्हणजे माझे सासरे. जावई काय बोलणार? मशीन सासुरवाडीला गेली. तिथून गजूच्या मोठ्या भावाकडे, भावाकडून काकांकडे आणि काकांकडून काकांच्या व्याह्यांकडे. भाड्याचं नाव काढलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "घरच्या मशीनले भाडं असते काय?" ट्रॅक्टर गजूचा, डिझेल माझं!

खरी गिऱ्हाईकं रोज दारात येऊन हात जोडत होती आणि मी त्यांना परत पाठवत होतो. चौथ्या दिवशी तीही यायची बंद झाली.

पाचव्या दिवशी आभाळ भरून आलं. मी गजूला फोन लावला.

"मशीन कुठी आहे?"

"महागावले."

"महागावले? काहून?"

"तुह्या मामसासऱ्यानं नेली. मले वाटलं, तूच धाडली!"

मग सुधाकरला लावला.

"भाऊजी, मामाले नाही कसं म्हणू? मामी रुसते ना!"

"अन् मी?"

"तुम्ही कायले रुसता? तुम्ही तर पार्टनर आहा!"

पाऊस सुरू झाला. मी ताडपत्री आणायला धावलो, तर ताडपत्रीही महागावला! (मशीन भिजू नये म्हणून मीच दिली होती.) मग आम्ही नवरा-बायकोनं गंजीवर सतरंज्या टाकल्या, गाद्यांच्या खोळी टाकल्या, शेवटी चौकातला कोणा भाऊंच्या वाढदिवसाचा फाटका फ्लेक्सही टाकला. तीन दिवस पाऊस पडला. तीन दिवस भाऊ गंजीवर आडवे पडून हात जोडून हसत होते.

पाऊस उघडल्यावर कुंदानं गंजीत हात घातला आणि तशीच खाली बसली. "अहो, आतून गरम लागून राह्यलं. कोंब आले." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिकडे आमची मशीन मामांच्या वावरात चाकापर्यंत रुतली होती. शेवटी मी दुसऱ्या तालुक्यातल्या एका अनोळखी थ्रेशरवाल्याला फोन करून अक्षरशः गयावया केली. त्यानं आधी विचारलं, "आपलं काही नातं-बितं?"

"सात पिढ्यांत नाही!"

"मंग उद्या येतो."

तो सांगितल्या वेळेला आला. मजूर मिळाले नव्हते, भागीदारांचे फोन लागत नव्हते. तोंडाला दुपट्टा बांधून दिवसभर मीच मशीनमध्ये माल लोटला. अर्धं सोयाबीन काळं निघालं, उरलेल्याला वास येत होता. कुंदा पोती शिवत होती.

जाताना थ्रेशरवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"भाऊ, हात मस्त चालते तुमचा. थ्रेशरचा धंदा काहून नाही टाकत?"

कुंदाची सुई थांबली. मी दुपट्टा डोळ्यांपर्यंत ओढून घेतला आणि म्हणालो, "आपल्याच्यानं कुठं जमते, भाऊ! त्याले अक्कल लागते."