उपासांचा ओव्हरटाइम

मिल बंद झाली त्याच हिवाळ्यात सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि स्नेहलतागंजातल्या आमच्या दोन खोल्यांत दोन माणसं बिनकामाची झाली. मिलच्या टाइम ऑफिसातून घरी बसलेला माझा नवरा खुर्चीत, त्याची आई खाटेवर. जास्त वैतागलेलं कोण, सांगणं कठीण होतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "माताजी को दाल, दूध, दही, हर टाइम खिलाओ. सिर्फ कसरत से कुछ नहीं होगा. नहीं खाएँगी तो खटिया पर ही रह जाएँगी." मला धडकीच भरली. सासूबाई मात्र अर्धी पोळी खाऊन ताट सरकवायच्या.

"पडल्या पडल्या काय खायचं? काम ना धाम. पोरगा घरी बसलाय, अन् मी गिळत राहू?"

मग एकादशी आली. साबुदाण्यात ताकद ती काय, म्हणून मी तो नावालाच घेतला आणि दाण्याचं कूट सढळ हातानं घातलं. सासूबाईंनी खिचडी, दाण्याची आमटी, दही, राजगिऱ्याचा लाडू, वर पेलाभर दूध, सगळं संपवलं. कारण ते जेवण नव्हतंच, व्रत होतं. पोळी खाल्ली तर घरावर भार, लाडू खाल्ला तर देवाच्या खात्यात.

मी नवऱ्याकडे पाहिलं. लोकांच्या पाळ्या लावण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला जास्त सांगावं लागलं नाही.

"ओव्हरटाइम लावून देऊ," तो म्हणाला.

सियागंजच्या बाजारातून शेंगदाणे, राजगिरा आणि मोरधन, म्हणजे आपली भगर, पोतडीभर आली. कॅलेंडर स्वयंपाकघरात होतं, खाटेवरून दिसत नव्हतं. नवरा रोज सकाळी दाढी-अंघोळ करून गंभीर चेहऱ्यानं खाटेशी उभा राहायचा. आज प्रदोष आहे, आई. आज चतुर्थी. एकदा तर या महाभागानं हाडांच्या देवीचा शुक्रवार काढला, नैवेद्याला दहीच लागतं म्हणाला. सासूबाई हात जोडून खायच्या. कसरत करवायला येणाऱ्या बाईंवर आधी ओरडणाऱ्या सासूबाई आता वॉकर धरून, त्या बाईंच्या आधारानं, दारापर्यंत जायला लागल्या. मला आनंद व्हायचा आणि भीतीही वाटायची. बिंग फुटलं तर त्या पुन्हा ताट सरकवतील, आणि मग कायमच्या खाटेवर.

एका सकाळी तो संकष्टी जाहीर करून आला आणि आम्ही दोघं ओट्याशी तोंड दाबून हसत होतो. मागे वॉकर वाजला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एकट्या. कॅलेंडरकडे त्यांनी बघितलंही नाही.

"संकष्टी परवा झाली. मला तिथी शिकवतो का रे?"

नवऱ्यानं मान खाली घातली. मी गॅस बंद केला.

"चालू कर तो," त्या मला म्हणाल्या. मग लेकाकडे वळल्या. "तुझी ती हाडांची देवी मला पहिल्याच दिवशी कळली होती. पण मिल बंद झाल्यापासून तू दाढीसुद्धा करत नव्हतास. रोज सकाळी तयार होऊन यायला लागलास, म्हणून खात गेले."

नवऱ्यानं खुर्ची पुढे केली. त्या बसल्या आणि ताट मागितलं.