लीड्समधला तो दुसरा क्लब

गेल्या महिन्यात लीड्सला होते, मुलाकडे. तिथल्या एका क्लबात गेले आणि जे ऐकून आले, ते आज इथं लिहावं लागतंय...

ओळखीतल्यांना माझं क्लबवेड माहीत आहे. हे गेल्यावर सहा महिने मी घराबाहेर पडत नव्हते. शेजारच्या नसीमनं एका शनिवारी अक्षरशः हाताला धरून इथल्या, सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या भाषण क्लबात नेलं. "चला की मॅडम, नुसतं बसा. बोलू नका."

तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई मी, पण स्वतःबद्दल दोन मिनिटं बोलायला उभी राहिले तर अर्ध्या मिनिटात खाली बसले. हळूहळू जमत गेलं. त्या क्लबानं मला माणसांत आणलं.

असे क्लब आता जगभर आहेत आणि पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही. म्हणून लीड्सला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात घराजवळच्या लायब्ररीतला क्लब शोधला. खरं सांगायचं तर घरात बोलायला कुणी नव्हतं... सून मानसी प्रोजेक्टसाठी लंडनला आहे, असं अमोलनं सांगितलं होतं. तो स्वतः दिवसभर खोलीचं दार लावून कॉलवर. जेवताना हो-नाही, बस्स.

लायब्ररीत मजा आली. मी सोलापूरच्या चादरीवर बोलले, शेंगाचटणीवर बोलले, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. लोक हसले. टायमरवाल्यानं वेळ संपल्याचं लाल कार्ड दाखवलं तरी मी सुरूच.

मग म्हटलं, शहराच्या मध्यभागातला क्लबही बघू. अमोल म्हणाला, "तिकडं नको जाऊस. बस बदलावी लागते, चुकशील." मला वाटलं, काळजीनं म्हणतोय. त्याला न सांगता गेले.

चर्चच्या मागचा हॉल, पंधरा-वीस माणसं. चहाच्या सुट्टीत अध्यक्षबाई माझ्याकडे आल्या, हेलन नाव त्यांचं. माझ्या स्टिकरवरचं आडनाव वाचून थबकल्या.

"तुम्ही अमोलच्या आई का?"

अमोल? शाळेत वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या दिवशी ज्याला हमखास ताप यायचा, तो? मी हसलेच.

"घटस्फोटानंतर फार खचला होता," त्या म्हणाल्या. "पण इथं भाषण काय केलं त्यानं! सात मिनिटं. आम्ही सगळे रडलो."

माझ्या हातात चहाचा कप होता. मी मान हलवली, जणू मला सगळं ठाऊकच होतं... मग कसंबसं विचारलं, "काय बोलला होता तेव्हा? मला पूर्ण नाही सांगितलं त्यानं."

त्यांनी अगदी प्रेमानं सांगितलं. मानसी घर सोडून गेली त्या दिवशी त्यानं आईला फोन लावला होता. आई म्हणाली, क्लबला निघालेय रे, आज माझं पहिलं भाषण आहे, उद्या बोलू. वडील गेल्यानंतर आईचा आवाज पहिल्यांदाच खुललेला होता. त्याला तो परत पडू द्यायचा नव्हता. म्हणून त्या दिवशी नाही सांगितलं... दुसऱ्या दिवशीही नाही.

आणि आईला ज्यानं बरं वाटलं त्यानं आपल्यालाही वाटेल, म्हणून तो इथं आला.

मला तो फोन आठवतो. मी साडीच्या निऱ्या घालत होते, फोन स्पीकरवर होता. "आई, जरा बोलायचं होतं," एवढंच म्हणाला होता. उद्या बोलू म्हणाले खरी, पण दुसऱ्या दिवशी मी माझ्याच भाषणाचं कौतुक सांगत बसले. तू काय म्हणत होतास, हे विचारलंच नाही.

सुट्टीनंतर माझं नाव पुकारलं. उभी राहिले. नाव सांगितलं, गाव सांगितलं... पुढं काही येईना. हिरवं कार्ड, पिवळं कार्ड, लाल कार्ड. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी अडखळलं की तिथं जास्तच टाळ्या वाजवतात. मला त्या सहन झाल्या नाहीत.

घरी अमोल वरण गरम करत होता. "कुठं होतीस?"

"लायब्ररीत," मी म्हणाले.

पुढचे नऊ दिवस आम्ही थंडीबद्दल बोललो, ज्वारीचं पीठ कुठं मिळतं याबद्दल बोललो. मानसीचं कपाट एकदा उघडून बघितलं. रिकामं होतं. हळूच लावून टाकलं. रोज सकाळी ठरवायचे, आज विचारायचं... संध्याकाळी वाटायचं, त्याला लाजल्यासारखं झालं तर? विमानतळावर त्यानं जवळ घेतलं आणि म्हणाला, "क्लब सोडू नकोस हं आई." तिथंही विचारलं नाही.

शेवटी परवा, सोलापुरातून फोनवर सांगून टाकलं. "अमोल, मी त्या क्लबात गेले होते. मला कळलंय."

तो म्हणाला, "बरं झालं."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय रे. सांग ना."

"ते सांगून झालंय गं आई. परत नाही जमणार." तो चिडला नव्हता. थकलेला होता... मग म्हणाला, "बाकीच्यांना तूच सांग. मामा, मावशी सारखं मानसी कशी आहे विचारतात. मला आता खोटं सुचत नाही."

म्हणून ही पोस्ट. त्याला विचारूनच लिहिली आहे. कृपा करून कुणी त्याला फोन करून कारणं विचारू नका, आणि मानसीबद्दलही वेडंवाकडं बोलू नका.

हेलनबाई, तुम्हाला मराठी येत नाही, तुम्ही हे वाचणार नाही. तरीही तुमचे आणि त्या हॉलमधल्या सगळ्यांचे आभार. माझ्या मुलाचं तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत... ते भाषण आता मला कधीच ऐकायला मिळणार नाही.