नळमामांची वही

महिन्याचं ‘आपला परिसर’ पत्रक दारोदार पडलं तेव्हा नळमामा पंपघराच्या ओट्यावर बसून पाना पुसत होते. चार पानी, गुळगुळीत कागद. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, तो तर असायचाच; एखाद्या महिन्यात नसता तर लोकांनी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली असती. फोटोखाली ठळक मथळा होता: ‘पाण्याची घटना: कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा, समितीची तत्परता.’

मामांनी मथळा दोनदा वाचला. सहा इमारतींच्या त्या वसाहतीत पाण्याला हात लावणारा कर्मचारी एकच होता, आणि तो पाना मांडीवर ठेवून हे वाचत होता.

एकवीस वर्षं झाली होती त्यांना. कुठल्या इमारतीत पाणी चढतंय हे ते पाइपाला कान लावून सांगत. दोन लाइनी होत्या. एक पिण्याच्या पाण्याची, दुसरी बागेची. बागेच्या लाइनीत वसाहतीचंच सांडपाणी गाळून सोडलेलं असे. ते झाडांना चालतं, माणसांना नाही. बांधणाऱ्याने मात्र या दोन लाइनींना जोडणारा एक व्हॉल्व्ह पंपघराच्या कोपऱ्यात ठेवून दिला होता. कशाला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. तो कापून काढा म्हणून मामांनी तीन अध्यक्षांच्या काळात अर्ज दिले आणि तिघांनीही ‘बघू’ म्हटलं. मग मामांनी आपल्यापुरती सोय केली. पिण्याच्या लाइनीवरच्या व्हॉल्व्हच्या चाकांना निळा पट्टा, बागेच्या लाइनीला पिवळा, आणि कोपऱ्यातल्या त्या चाकाला लाल पट्टा मारून वर लाल चिंधीही बांधून ठेवली.

शिवाय वही होती. पंपघराच्या दाराशी सुतळीने टांगलेली. कोणीही असो, चाकाला हात लावला की वहीत तारीख, वेळ, काय केलं ते लिहून सही करायची. मामा स्वतःसुद्धा रोज सही करत. पोरं हसायची. “मामा, तुम्हीच उघडता, तुम्हीच बंद करता, मग सही कोणाला दाखवायला?” मामा म्हणायचे, “मलाच. उद्या मीच विसरलो तर?”

त्या वर्षी वसाहतीने उत्कृष्ट देखभालीच्या स्पर्धेत भाग घेतला आणि अध्यक्षांच्या अंगात आलं. कुंड्या रंगल्या, फाटक रंगलं, आणि रंगारी पंपघरातही शिरले. झाडून सगळे पाइप, सगळी चाकं एकाच करड्या रंगात न्हाली. चिंधी कचऱ्यात गेली. मामांनी विरोध करून पाहिला.

“साहेब, ते पट्टे शोभेचे नव्हते हो. त्यावरून लाइन कळते.”

“मामा, परीक्षकांना पंपघर कसं एकसारखं दिसायला हवं. तुम्हाला तर डोळे मिटूनही कळतं ना?”

कळत होतं, म्हणून मामा गप्प बसले. गप्प बसलो हीच आपली चूक, असं ते पुढे बायकोला म्हणाले. पण तेवढीच. त्याहून एक कणही जास्त नाही.

परीक्षक यायच्या दिवशी मामा लेकीकडे होते. ती बाळंत झाली होती. रजेचा अर्ज दिलेला, त्यावर अध्यक्षांची मंजुरीची सही. परीक्षक आले, बाग पाहिली, कारंज्यापाशी थांबले, आणि कारंजं नेमकं रडतखडत उडत होतं. अध्यक्ष तडक पंपघरात गेले. सगळी चाकं करडी. त्यांनी कोपऱ्यातलं फिरवलं. कारंज्याला जोर आला की नाही कोण जाणे, पण बागेच्या लाइनीतलं पाणी पिण्याच्या लाइनीत घुसून दुसऱ्या इमारतीच्या टाकीत शिरलं. दोन दिवसांत त्या इमारतीतली निम्मी घरं आजारी पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, दहा दिवस दवाखान्यात होत्या.

बातमी कळताच मामा परतले ते धावतच पंपघरात गेले. चाक उघडं होतं आणि वहीत नोंद होती. अध्यक्षांना सही करायची इतकी हौस, की चोरी केली असती तरी खाली सही ठोकून आले असते. हिरव्या शाईत लिहिलं होतं: ‘कारंज्याला जोर यावा म्हणून कोपऱ्यातला व्हॉल्व्ह दोन फेरे उघडला.’ खाली ती सुप्रसिद्ध सही, अर्ध्या पानावर पसरलेली.

मामांनी चाक बंद केलं, टाकी रिकामी करून घासून घेतली आणि वही घेऊन अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षांचा चेहरा उतरला. “बरं झालं आधी माझ्याकडे आलात. पत्रकात मी सगळं नीट लिहितो,” असं ते म्हणाले. मामांनी विश्वास ठेवला.

आणि आता हे असं नीट लिहिलं होतं!

संध्याकाळपर्यंत दुसऱ्या इमारतीतल्या बायका मामांना पाहून पाण्याच्या बाटल्या पदराआड धरू लागल्या. मामा बाईंच्या तब्येतीची विचारपूस करायला वर गेले. रोज सकाळी ज्या दारात त्यांना चहाचा कप मिळायचा, ते दार जेमतेम उघडलं. बाई काठीला टेकून उभ्या होत्या, चेहरा उतरलेला. “मला बरं नाही,” एवढंच म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. कडीचा आवाज मामांना जिना उतरेपर्यंत ऐकू येत राहिला.

ते सरळ अध्यक्षांच्या घरी गेले.

“साहेब, हे काय छापलंत?”

“बसा मामा, बसा. अहो, अध्यक्षाचं नाव आलं तर साऱ्या वसाहतीची बदनामी होते. तुमचं काय, तुम्ही तर घरचेच.”

“घरच्या माणसाच्या माथी मारायचं असतं का?”

“चिडू नका. माझं चुकलं, कबूल. झालं समाधान? पुढच्या अंकात तुमच्यावर छान लेख घेतो. फोटोसकट.”

“लेख नको. इथे चार भिंतींत चुकलं म्हणू नका. जिथे माझं नाव खराब केलंत, तिथे म्हणा.”

“ते जमणार नाही,” अध्यक्ष म्हणाले, आणि फोन आल्यासारखं करून आत गेले.

मामा घरी आले. बायकोने ताट वाढलं, ते तसंच राहिलं. “अहो, सोडून द्या ना आता,” ती म्हणाली, आणि लगेच स्वतःच उसळली, “नाही, सोडू नका! आख्खा जन्म तिथे घातलात. का सोडायचं?”

फाटकाशी काचेचा सूचना फलक होता. त्याची किल्ली मामांकडे असायची, कारण आतला दिवा तेच बदलत. फलकाच्या वर अध्यक्षांनीच नियम लावला होता: ‘अध्यक्षांच्या सहीशिवाय कोणताही कागद येथे लावू नये.’ कोणीतरी हरवलेल्या मांजरीची चिठ्ठी विनासही लावली होती, तेव्हापासून.

सकाळी आठ वाजता, कामावर निघालेली माणसं फाटकाशी गर्दी करतात त्या वेळी, मामांनी काच उघडली. वहीतलं ते पान त्यांनी पट्टी धरून सरळ फाडलं होतं. चार टाचण्या लावल्या. शेजारी आपला रजेचा मंजूर अर्ज लावला. दोन्ही कागदांवर अध्यक्षांची सही. नियम तंतोतंत पाळला.

पहिल्यांदा एकजण थांबला, मग दहा, मग रस्ताच अडला. दूधवाल्याने सायकल उभी केली आणि पान मोठ्याने वाचून दाखवलं, ते ‘दोन फेरे’ जरा जास्तच ठासून. अध्यक्ष गाडीतून उतरून आले.

“कोणाच्या परवानगीने लावलं हे?”

“तुमच्याच,” मामा म्हणाले. “सही बघा.”

अध्यक्षांनी पान काढायला हात घातला. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. बाई खाली आल्या होत्या, दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी चष्मा लावून ते पान वाचलं, मग अर्ज वाचला, मग दोन्हींवरच्या तारखा जुळवून पाहिल्या. पेपर तपासताना तपासत असतील, तशाच. मग पिशवीतून घडी घातलेलं पत्रक काढलं, लाल पेनाने ‘कर्मचाऱ्याचा’ या शब्दावर रेघ मारली, वर ‘अध्यक्षांचा’ लिहिलं, आणि पेन व पत्रक अध्यक्षांपुढे धरलं.

“सही करा. म्हणजे हेही लावता येईल.”

“बाई, हे सगळं चर्चेने...”

“दहा दिवस मी पडून होते. तेव्हा चर्चा केली असतीत. करा सही.”

सत्तर-ऐंशी माणसं बघत होती. अध्यक्षांनी पेन घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची सही कोपऱ्यात मावली. मामांनी तो कागद मधोमध लावला, काच बंद केली आणि कुलूप घातलं.

गर्दी पांगली. काहींनी मामांच्या खांद्यावर थोपटलं, काही खाली मान घालून गेले. बाई थांबल्या.

“माझं चुकलं रे. वर ये. चहा टाकते.”

मामांनी किल्ली खिशात ठेवली. त्यांचा आवाज चढला नाही, पण डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

“त्यांचं सोडा, बाई. ते तसेच आहेत. पण एकवीस वर्षं तुम्ही माझ्या हातचं पाणी प्यायलात. दार लावायच्या आधी एकदा विचारायचं तरी होतं, की मामा, हे खरं का?”

बाईंच्या हातात लाल पेन तसंच राहिलं.

“येईन मी चहाला,” मामा म्हणाले. “आज नाही.”

पाणी सोडायची वेळ झाली होती. ते पंपघराकडे गेले, पाणी सोडलं, निळ्या रंगाचा डबा उघडला आणि पहिल्या चाकावर पट्टा मारायला बसले.