उकिरड्यावरचं बारसं

आमच्या घरात पोरगं जन्मलं की नाव मी सुचवायचं, हा रिवाज माझा मीच पाडला. आत्या म्हणून कानात ‘कुर्रर्र’ करायचा मान होताच. वर अर्थ सांगायची हौस. शाळेत संस्कृतात काठावर पास झालेली मी, पाळण्याची दोरी धरून देवाचं नाव उलगडून सांगायचे. पोरगं झोपायचं. मागं बसलेल्या दोन-चार बायकाही.

धाकट्या भावाच्या पहिल्या मुलाचं नाव मी अनंत ठेवलं. ज्याला शेवट नाही तो. दात यायच्या आधीच त्याला काविळीनं नेलं. दुसरा अच्युत. आपल्या जागेवरून कधी ढळत नाही तो विष्णू, हे मी बारशात चांगलं घोळवून सांगितलं होतं. न्युमोनिया झाला म्हणून धारूरहून अंबाजोगाईला नेत होते, तो वाटेतच गेला. दवाखाना येईस्तोवर भावजयीनं कुणाला कळू दिलं नाही. तसाच मांडीवर धरून बसली.

तिसरा झाला तेव्हा मी ‘मृत्युंजय’ मनात धरून गेले. भावजयीनं चहा पुढं केला आणि म्हणाली, “वन्सं, तुमची नावं लई मोठी हायत. माज्या लेकरांना पेलली न्हाईत.”

मी ‘मृत्युंजय’ चहाबरोबर गिळला.

“दगडू ठिवा,” आई म्हणाली. “आन् उकिरड्यावरून उचला. लेकरं जगत न्हाईत तिथं असंच करतेत. मरणाला वाटलं पायजे, हे टाकून दिलेलं हाय.”

मग बारसं उकिरड्यावरच झालं. सुपात जुनेर अंथरून बाळ ठेवलं आणि सूप शेणाच्या ढिगावर टेकवलं. शेजारणीनं उचलून रिवाजाप्रमाणं विचारलं, “कुनाचं गं हे?”

“माजं न्हाई,” भावजय म्हणाली. म्हणायचंच होतं ते, पण मला ऐकवलं नाही.

ओंजळभर ज्वारी देऊन तिनं आपलं लेकरू विकत घेतलं. मी त्याच्या कानाशी वाकले, तर तिनं मला अडवलं. “आदी माज्या कानात सांगा.”

मी सवयीनं एखादा देव आत सरकवीन, ही धास्ती. माझा लौकिक बघता रास्तच होती. मी तिच्या कानात ‘दगडू’ म्हणाले, मग त्याच्या.

दगडू आता अंगणवाडीत जातो. परवा त्याला ताप भरला. डॉक्टरांनी औषध दिलं होतं. दुपारी त्याच्या कपाळावरची पट्टी बदलताना माझ्या तोंडून गेलं, “माझा देव गं तो!”

“वन्सं!” ती ओरडलीच.

“दगड हाय, दगड,” मी घाईनं म्हणाले.

तिनं त्याचे पाय पदरात घेतले. मग मला विचारलं, “दगडाला काय होतंय का वो?”

नावांचे अर्थ जन्मभर मी सांगत आले. हाही तिनं मलाच विचारला.

“काय न्हाई होत,” मी म्हणाले.

संध्याकाळी ताप उतरला. पट्टी मात्र तिनं काढू दिली नाही.