रोशनबीच्या वाफ्यातलं पिंक

कथड्याच्या वस्तीतल्या रोशनबीला शहरात फारसं कुणी ओळखत नाही. सभांतून हार घालून घेणारे आम्हाला तोंडपाठ. ते हार जिच्या अंगणात उगवतात ती मात्र नुसती फुलवाली. या गोष्टीचा मला राग येतो, म्हणून हे लिहितो आहे.

तिचा नवरा निसार देवळालीच्या कॅम्पात एका बंगल्यावर माळी होता. दुपारी ती त्याची भाकरी घेऊन जायची आणि तो जेवेपर्यंत वाफ्याच्या कडेला बसून राहायची. तिथंच तिनं ते फूल पाहिलं. शिंप्यानं कात्रीनं दाते पाडावेत तशी पाकळीची कड, रंग गडद लाल, वास लवंगेचा. रंग लाल असला तरी साहेबलोक त्या फुलाला पिंक म्हणायचे. निसारला ते आपल्या दारात फुललेलं बघायचं होतं. एकोणीसशे पस्तीसच्या उन्हाळ्यात त्यानं वाळल्या बोंडांतलं बी वेचून चिंधीत बांधून आणलं, आणि पाऊस लागायच्या आधीच तापानं गेला.

पाऊस सरल्यावर रोशनबीनं ते चिमूटभर बी सगळंच्या सगळं पेरलं. थोडं राखून ठेवायची अक्कल नाही का, म्हणून शेजारच्या नवसाबाईनं तिला फैलावर घेतलं. नवसाबाई लासलगावकडची, कांद्याच्या रोपात वाढलेली. दोघी मिळून झेंडू-शेवंती पिकवायच्या, बाजारात एकाच गोणपाटावर बसायच्या. त्यावरून नाकं मुरडणारे दोन्हीकडे होते. त्यांच्याशी भांडायला, या दोघींचे अर्ज लिहून देणारा, मी होतो. या दोघींना तेवढा वेळ नव्हता.

थंडी पडली, रोपं वीतभर झाली, आणि बहिणीच्या बाळंतपणासाठी रोशनबीला मालेगावला जावं लागलं. वाफा तिनं नवसाबाईवर सोपवला. आता कांद्याच्या रोपात गवताची काडी दिसली तर जिला घास गोड लागत नाही, अशी ही बाई. रोशनबी यायच्या दिवशी पहाटे उठून तिनं वाफा निंदला. बारीक पात्याचं होतं नव्हतं तेवढं उपटलं आणि रुंद पानांची चार गोमटी रोपं राखली. फुलझाडाचं पान रुंदच असणार, हा तिचा हिशेब. ती चार रोपं माठाच्या भाजीची होती.

दुपारी रोशनबी आली. नवसाबाईनं कौतुकानं वाफा दाखवला. रोशनबीनं रिकाम्या मातीवर हात फिरवला.

"अक्का, ते गवत नव्हतं गं."

नवसाबाईचा चेहरा उतरला. कुंपणाजवळ निंदणाचा ढीग होता आणि त्यात शेळीनं तोंड घातलं होतं. तिला हाकलून दोघी गुडघ्यांवर बसल्या. रोशनबी ओळख सांगत होती. गवताचं पान एकाआड एक येतं. याची दोन पानं एकाच गाठीतून समोरासमोर निघतात. वर राख फुंकल्यासारखा रंग, बोटानं पुसला की खाली हिरवं. त्या ढिगातून मोजकेच दांडे निघाले. मुळं सुकलेली, शेंडे मात्र अजून ताठ.

मग निसार करायचा तसं तिनं केलं. गाठ एका हातात धरायची, शेंडा दुसऱ्या हातानं अलगद ओढायचा. आतला कोंब सुटून येतो. नदीच्या वाळूत पडक्या भिंतीचा चुना मिसळून ते कोंब खोचले, वर मडकं पालथं घातलं.

पुढे नवसाबाई रोज यायची, मडकं उचलून वाळू चाचपायची आणि न बोलता परत जायची. बाजारात गिऱ्हाइकावरसुद्धा ओरडेना. एवढी गप्प नवसाबाई मी कधी पाहिली नव्हती. शेवटी रोशनबीच चिडली. तोंड बंद ठेवून मुळं फुटतात असं कुणी सांगितलं तुला, म्हणाली.

बरेच कोंब कुजले. तीन जगले. शिमग्याच्या सुमारास एकावर कळी फुटली, आणि एका सकाळी ती उमलली. मी तेव्हा बाजारातल्या जागेच्या अर्जावर त्यांचे अंगठे घ्यायला गेलो होतो. अर्ज हातातच राहिला.

रोशनबीनं फुलाजवळ वाकून वास घेतला. वास तोच होता. नवसाबाई दोन पावलं मागे, कमरेवर हात, डोळे भरलेले.

"तोड ना," ती म्हणाली. "कबरीवर ठिवून ये. त्येंचंच हाय ते."

रोशनबीनं नखानं दांडा खुडला.

"त्यांनी लई बघितलीत," ती म्हणाली. "तू कुठं बघितलंस?"

नवसाबाईनं नको नको म्हणून पाहिलं. मग डोक्यावरचा पदर मागे सारून तिनं मान खाली केली, आणि रोशनबीनं ते फूल तिच्या अंबाड्यात नीट खोचलं.